देशी कोंबड्यांची जातिवंत पैदास: आधी बांधा, मग रंग

परसात चार कोंबड्या असणे सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही वाडीला नवीन नाही. मात्र एखाद्या देशी जातीचे वजन, ठेवण आणि रंग पिढ्यानपिढ्या टिकवणे आणि त्यातला निवडक पक्षी प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात उभा करणे हे काम निराळे आहे आणि त्याला निराळी शिस्त लागते. हा लेख ते काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी आहे.

नवखा माणूस बहुधा रंगावर भुलतो. शेपटीची हिरवी झाक किंवा मानेवरचे सोनेरी पीस पाहून तो पक्षी विकत घेतो आणि छातीचे हाड वाकडे आहे, पाय आत वळलेले आहेत हे त्याला घरी आल्यावर कळते. रंग थोड्याच जनुकांनी ठरतो, त्यामुळे त्यातली बहुतेक चूक दोन-तीन पिढ्यांत सुधारता येते. वजन आणि हाडपेर यांमागे पुष्कळ जनुके असतात, शिवाय खाद्य, हंगाम आणि अंड्याचा आकार यांचाही त्यांवर परिणाम होतो. गेलेला आकार परत मिळवायला अनेक वर्षे लागतात. म्हणून निवड करताना आधी आरोग्य, मग बांधा, मग वजन आणि शेवटी रंग, हा क्रम मी कधीही मोडू देत नाही.

पहिली पायरी: एक जात, एक रंग

सुरुवातीला एकच जात आणि तिच्यातला एकच रंग घ्यावा. आपल्या भागात मुख्यतः दोन जातींचा विचार होतो. असील ही मूळची आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा या पट्ट्यातली जात आहे. ती उंच, उभ्या ठेवणीची आणि घट्ट पिसांची असून तिच्या नराचे वजन ४ ते ५ किलो आणि मादीचे ३ ते ४ किलो भरते. तिच्यात पीला, याकूब, नुरी, कगार, चित्ता, जावा, साबजा, टिकर, रेझा असे रंगांचे प्रकार मानले जातात. नुरी पांढरा, कगार काळा, पीला सोनेरी तांबडा. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जात आहे. तिचा नर १.८ ते २ किलोचा आणि मादी १.२ ते १.५ किलोची असते, आणि तिच्यात गडद काळा, रुपेरी रेघांचा व सोनेरी रेघांचा असे तीन प्रकार आढळतात. तिसरी जात बुसरा. ती गुजरात-महाराष्ट्र सीमेवरची लहान चणीची कोंबडी आहे, पण आपल्याकडे तिचे खात्रीचे पक्षी मिळणे अवघड असल्याने नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

आठवडी बाजारात ‘गावरान’ म्हणून विकली जाणारी रंगीत पिल्ले पुष्कळदा वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित पक्ष्यांची किंवा त्यांच्या संकराची असतात. परसातल्या अंड्यांसाठी आणि मांसासाठी हे पक्षी चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्यांची पुढची पिढी एकसारखी निघत नाही. एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी उबवून काढलेली, पिल्ले रंगाने आणि वजनाने विखुरतात, त्यामुळे जातिवंत पैदाशीचा पाया म्हणून ती निरुपयोगी ठरतात. कडकनाथच्या बाबतीत तर आपल्या भागाने मोठी किंमत मोजली आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातून २०१९ साली उघडकीस आलेल्या घोटाळ्यात, अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याच्या हमीवर गुंतवणूक केलेले असंख्य शेतकरी अडकले. पक्ष्यांचा त्यात काही दोष नव्हता. ज्यांना जातीसाठी जात राखायची आहे, त्यांनी परत खरेदीच्या कोणत्याही हमीवर न जाता थोडे पक्षी रोखीने, आई-बाप डोळ्यांनी पाहून घ्यावेत.

सुरुवातीसाठी दोन किंवा तीन वेगवेगळ्या घरचे, एकमेकांशी नाते नसलेले तीन नर आणि दहा-बारा तलंगा (नुकत्याच वयात येणाऱ्या तरुण माद्या) पुरेशा आहेत. आणलेले पक्षी महिनाभर निराळ्या खुराड्यात ठेवल्याशिवाय जुन्या पक्ष्यांत मिसळू नयेत.

दुसरी पायरी: जातीचे वर्णन कागदावर

डोळ्यांसमोर पक्के चित्र नसेल, तर दरवर्षी आपण त्या वर्षी आवडलेला पक्षी निवडतो आणि कळप भरकटत जातो. अमेरिकेतल्या कोंबडीपालकांनी १८७३ मध्ये संघटना उभारली आणि १८७४ मध्ये जातींची लेखी वर्णने छापून काढली. तिथले परीक्षक आजही त्याच परंपरेतल्या वर्णनांवर गुण देतात. आपणही निवडलेल्या जातीचे वर्णन वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि ज्या प्रदर्शनात जायचे आहे, तिथल्या आयोजकांकडून गुणांचे निकष आधीच मागून घ्यावेत.

असीलसाठी वर्णन असे लिहिता येईल: मान लांब आणि ताठ, खांदे रुंद, पाठ शेपटीकडे उतरती, तुरा लहान आणि डोक्याला चिकटलेला, कानपाळ्या तांबड्या, गळ्याखालच्या पाळ्या जवळजवळ नाहीतच, पिसे तोकडी आणि अंगाला घट्ट, मांड्या भरीव, पाय सरळ. कडकनाथसाठी: तुरा एकेरी, चेहरा, तुरा, जीभ आणि पायाच्या नळ्या गडद, पिसांवर हिरवट-निळसर चमक, बांधा हलका आणि चपळ. कडकनाथचे अंडे काळे असते असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून पुढे काहीही घेऊ नये, कारण ते फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरे असते. त्याच्या एक दिवसाच्या पिल्लाच्या पाठीवर निळसर-काळ्या लवेतून गडद, अनियमित रेघा दिसतात.

तिसरी पायरी: पक्षी हातात घेऊन तपासणे

पक्षी दुरून पाहून निवडता येत नाही. डावा तळवा छातीखाली सरकवावा, त्याचे दोन्ही पाय बोटांमध्ये धरावेत आणि त्याचे डोके आपल्या कोपराकडे असू द्यावे. असा धरलेला पक्षी धडपड करत नाही आणि आपला उजवा हात मोकळा राहतो. मग उजव्या हाताचे बोट छातीच्या हाडावरून गळ्यापासून पोटापर्यंत सावकाश फिरवावे. हाड सुतासारखे सरळ लागले पाहिजे. मध्ये खळगा किंवा वळण जाणवले, तर तो पक्षी कितीही देखणा असला तरी पैदाशीतून बाजूला काढावा. (लहान वयात टोकदार दांडीवर बसवल्यानेही हे हाड वाकते, म्हणून खुराड्यात बसायची काठी गोल टोकाची आणि दोन इंच जाडीची असावी.) त्यानंतर बोटे पाहावीत, पंख उघडून मोठी पिसे मोजावीत, शेपटी पाठीच्या रेषेत आहे की एका बाजूला झुकते हे मागून पाहावे. शेवटी पाठीवरच्या पिसांवर जोराने फुंकर मारावी. पिसे दुभंगली की मुळाशी असलेली लव दिसते. काळ्या पक्ष्यात तिथे पांढरा धागा सापडला, तर वरवर निर्दोष दिसणारा तो पक्षी पुढच्या पिढीत पांढरे पीस देण्याची शक्यता मोठी असते.

चौथी पायरी: जोड्या आणि तीन गटांचा फेरा

सख्ख्या भावंडांची जोडी लावली की रक्त २५ टक्क्यांनी जवळ येते, आणि काही पिढ्यांत अंड्यांची फलनक्षमता, पिल्लांची जगवणूक आणि अंगवजन ही तिन्ही घसरू लागतात. दरवर्षी बाहेरून नर आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्यासोबत नको ते गुणही येतात. लहान कळपासाठी मला तीन गटांची पद्धत सर्वांत सोयीची वाटते. मादींचे अ, ब, क असे तीन गट करावेत. पिल्लू नेहमी आईच्या गटाचे मानावे. तलंगा आपल्याच गटात राहतात. अ गटात जन्मलेला नर ब गटातल्या माद्यांना, ब गटातला क गटाला आणि क गटातला अ गटाला द्यायचा. हा फेरा दरवर्षी असाच चालू ठेवला, तर थोड्या पक्ष्यांतही बरीच वर्षे बाहेरच्या रक्ताची गरज पडत नाही.

असीलचा नर जड असल्याने त्याच्याबरोबर चार-पाचच माद्या ठेवाव्यात. कडकनाथच्या नरासाठी आठ ते दहा चालतात. नर बदलल्यावर किमान तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नयेत, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते आणि तेवढ्या काळातल्या पिल्लाचा बाप कोण हे खात्रीने सांगता येत नाही. नोंदवहीचा सगळा भरवसा या तीन आठवड्यांवर उभा आहे.

पाचवी पायरी: उबवणीचा काळ आणि अंडी

कराडला यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या, म्हणजे २५ नोव्हेंबरच्या सुमारास कृषी, औद्योगिक आणि पशुपक्षी प्रदर्शन भरते. त्या काळात पक्षी ऐन भरात हवा असेल, तर दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर या थंडीच्या महिन्यांत पिल्ले काढावीत. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात मार्चनंतर ठेवलेल्या अंड्यांची उन्हाने नासाडी होते, तर पाटण-जावळीच्या पावसाळी पट्ट्यात जूननंतरची पिल्ले खुराड्यातल्या ओल्या गादीमुळे (जमिनीवरच्या अंथरणामुळे) रक्ती हगवणीला बळी पडतात; थंडीतली पिल्ले या दोन्ही संकटांपूर्वी सावरतात. असीलचा सांगाडा मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत भरत राहतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी त्याला मोठ्या नरांच्या स्पर्धेत उतरवण्याची घाई करू नये.

अंडी निवडताना जातीच्या मानाने मध्यम ते मोठी, गुळगुळीत कवचाची घ्यावीत. पिल्लाचे जन्मवजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणून तलंगेची पहिली लहान अंडी उबवणीला ठेवू नयेत. जमवलेली अंडी निमुळते टोक खाली करून, १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या थंड जागी सात दिवसांपर्यंतच ठेवावीत. खुडूक बसलेली गावरान कोंबडी दहा-बारा अंडी उत्तम उबवते, आणि असीलची मादी तर आई म्हणून फार दक्ष असते. उबवणी यंत्र वापरायचे असेल, तर आत पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवावे. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के असावी. अंडी अठराव्या दिवसापर्यंतच फिरवावीत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीपुढे अंडे धरले की रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, आणि ज्यात काही दिसत नाही ते अंडे काढून टाकता येते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

सहावी पायरी: खूण, वजन आणि छाटणी

पिल्लू सुकले की त्याच दिवशी त्याला खूण करावी. प्रत्येक पायाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये कातडीचे दोन पातळ पडदे असतात, म्हणजे दोन्ही पायांचे मिळून चार. त्यांपैकी एक किंवा अधिक पडद्यांना लहान छिद्र पाडले, तर बिनछिद्राची खूण धरून १६ वेगवेगळ्या खुणा होतात, आणि कोणते पिल्लू कोणत्या जोडीचे हे आयुष्यभर कळते. पिल्ले मोठी झाल्यावर पायात क्रमांकाचे कडे घालावे.

वजन सकाळी, खाद्य देण्यापूर्वी, एकाच काट्यावर घ्यावे: ८, १२, १६ आणि २० आठवड्यांना. तुलना फक्त एकाच घाण्यातल्या पिल्लांची करावी, कारण डिसेंबरचे पिल्लू आणि मार्चचे पिल्लू यांच्या वजनातला फरक बराचसा हवामानाचा असतो. आठ आठवड्यांना सर्वांत जड असलेले पिल्लू हेच सर्वोत्तम, असे समजण्याचा मोह होतो आणि देशी जातींचे सर्वांत मोठे नुकसान याच घाईने होते. लवकर वजन धरणारे पिल्लू पुष्कळदा मांसल पण आखूड हाडाचे निघते. त्या वयात पायाच्या नळीची लांबी आणि जाडी पाहावी, आणि अंतिम निवड वीस आठवड्यांनंतर करावी. मादीकडे दुर्लक्ष करू नये. मोठा नर आणि किरकोळ मादी या जोडीतून मोठे पक्षी मिळत नाहीत.

खाद्य कमी पडले तर वंशात असलेले वजनही अंगावर दिसत नाही. पहिले आठ आठवडे २० ते २२ टक्के प्रथिनांचा भरडा द्यावा, त्यानंतर १६ टक्क्यांचा. मका, सोयापेंड, शेंगपेंड आणि तांदळाची कणी यांचा मेळ आपल्याकडे स्वस्तात बसतो, मात्र शेंगपेंडीला बुरशी लागलेली असेल तर ती अजिबात वापरू नये. अंड्यावर आलेल्या मादीला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे नर आणि वाढीची पिल्ले तो अनावश्यक खात नाहीत.

सातवी पायरी: रंगाचा हिशेब

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते. कोंबड्यांत ते आईकडून ठरते. नराकडे लिंगाची दोन सारखी गुणसूत्रे असतात आणि मादीकडे त्यांपैकी एकच, जे तिला बापाकडून मिळालेले असते आणि जे ती फक्त मुलग्यांना देते. सोनेरी-रुपेरी रंगाचा भेद आणि पट्टेरी पिसे ठरवणारी जनुके याच गुणसूत्रावर आहेत. म्हणून सोनेरी नर आणि रुपेरी मादी यांच्या पिल्लांत मुलगे रुपेरी आणि मुली सोनेरी निघतात. मुलींमध्ये सोनेरी-रुपेरीतला दोष दिसला, तर तो बापाकडे शोधावा, आईकडे नव्हे. हे एकदा लक्षात आले की जोडी लावताना होणारे निम्मे अंदाज चुकत नाहीत. पट्टेरी जातीत नराला या जनुकाचे दोन डोस मिळतात आणि मादीला एकच, त्यामुळे नर नेहमी मादीपेक्षा फिकट दिसतो. तो दोष धरू नये.

राखी रंगाचे गणित निराळे आहे. दोन राखी पक्ष्यांची जोडी लावली, तर सरासरी चार पिल्लांत दोन राखी, एक काळे आणि एक पांढुरके ठिपकेदार निघते. ज्याला सगळी पिल्ले राखी हवीत, त्याने काळा आणि ठिपकेदार अशी जोडी लावावी.

रंगीत आई-बापांच्या पोटी अचानक पांढरे पिल्लू आले, तर दोघांमध्येही पांढऱ्या रंगाचे सुप्त जनुक आहे असे समजावे. एखाद्या उत्तम नराबद्दल अशी शंका असेल, तर त्याची जोडी त्याच प्रकारच्या सुप्त पांढऱ्या मादीशी लावून पाहावी. त्या जोडीची सात पिल्ले काढून सातही रंगीत निघाली, तर तो नर सुप्त वाहक असण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास उरते, आणि त्याला निर्धास्तपणे पैदाशीत ठेवता येते.

कडकनाथच्या काळ्या कातडीत आणखी एक गुंता आहे. काळेपणा देणारे जनुक प्रबळ असले, तरी बहुतेक पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत कातडीतला काळेपणा दाबून टाकणारे दुसरे जनुक असते, आणि तेही त्याच लिंग-गुणसूत्रावर बसलेले असते. कडकनाथ नर आणि अशी साधी मादी यांचा संकर केला, तर मुली काळ्या आणि मुलगे फिकट निघतात. त्या काळ्या मुली जातिवंत कडकनाथ म्हणून सहज खपवल्या जातात, आणि अशा संकरित पक्ष्यांची आपसात पैदास झाली की फिकट कातडीची पिल्ले दिसू लागतात. म्हणून एकट्या काळ्या माद्या विकत घेऊ नयेत. त्यांचे सख्खे भाऊ दाखवायला सांगावे आणि तेही तितकेच काळे असतील तरच व्यवहार करावा.

उलट्या पिसांच्या कोंबडीबद्दलही सांगायला हवे. दोन उलट्या पिसांच्या पक्ष्यांची जोडी लावली, तर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या पिल्लांची पिसे इतकी ठिसूळ होतात की ती गळून अंग उघडे पडते. त्या पिल्लांचे हाल पाहवत नाहीत. एका बाजूला नेहमी साध्या पिसांचा पक्षीच घ्यावा.

आठवी पायरी: निगा आणि लस

लसीकरणात कसूर झाली तर वर्षांची निवड एका आठवड्यात नष्ट होते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाच ते सात दिवसांत, फेरलस चौथ्या आठवड्यात आणि आर-टू-बी लस आठव्या आठवड्यात देतात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. गंभीर शंका असेल, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. गादीसाठी भाताचे तूस किंवा भुईमुगाची कोरडी टरफले वापरावीत आणि ओल आली की लगेच बदलावीत. असीलचे नर तीन-चार महिन्यांचे झाले की एकमेकांना दिसणार नाहीत असे वेगळे ठेवावेत. कोंबड्यांची झुंज लावणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि झुंजीत फाटलेला तुरा किंवा फुटलेला डोळा असलेला पक्षी प्रदर्शनातही मानाचा राहत नाही. असीलची जात राखणाऱ्याने तिचा मान तिच्या ठेवणीवर मिळवावा, असे मला मनापासून वाटते.

नववी पायरी: प्रदर्शनाची तयारी

कापलेले किंवा तुटलेले पीस पुढची पीसझड होईपर्यंत तसेच राहते, आणि नवे पीस पूर्ण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून दोन महिने आधी पक्षी मोकळ्या, स्वच्छ जागेत एकटा ठेवावा. पांढऱ्या पक्ष्याला कडक उन्हापासून जपावे, नाहीतर पिसांवर पितळी छटा चढते. तीन आठवडे आधी त्याला रोज थोडा वेळ प्रदर्शनासारख्या पिंजऱ्यात ठेवून हाताळण्याची सवय लावावी, कारण घाबरून कोपऱ्यात दबलेल्या पक्ष्याची उंची आणि ठेवण परीक्षकाला दिसतच नाही.

दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात सौम्य शाम्पूने धुवावे. पिसे नेहमी मुळाकडून टोकाकडे चोळावीत, दुसऱ्या बादलीत साबणाचा अंश पूर्ण निघेपर्यंत खळबळावे आणि सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर वाळवावे. पायांच्या खवल्यांतला मळ मऊ ब्रशने काढून पायांवर आणि तुऱ्यावर खोबरेल तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. उवा किंवा खवले वर आलेले पाय दिसले, तर पक्षी नेऊच नये. पिसे रंगवणे किंवा नको त्या रंगाची पिसे उपटून लपवणे ही फसवणूक आहे. त्यातून मिळालेल्या बक्षिसामुळे तोच दोष इतरांच्या कळपांतही पसरतो.

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून पक्षी एकत्र आणण्यातला धोका सर्वांना ठाऊक आहे. साथीची सूचना असेल त्या काळात घरातून पक्षी हलवू नये. प्रदर्शनाहून परत आलेला पक्षी किमान तीन आठवडे मूळ खुराड्यापासून दूर ठेवावा, त्याचे खाद्य-पाणी शेवटी करावे आणि नेलेले डालगे, भांडी व पादत्राणे जंतुनाशकाने धुवावीत. याच काळात परीक्षकाने सांगितलेले दोष वहीत त्या पक्ष्याच्या क्रमांकासमोर उतरवावेत, म्हणजे पुढच्या हंगामात अ गटाचा कोणता नर ब गटाकडे द्यायचा हे ठरवताना ती नोंद हाताशी राहते.